गाणं आधी पूर्ण ऐका

वाचकांचे प्रश्न : लोकप्रिय संगीत आणि ख्रिस्ती श्रद्धा

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट 'हे चालतं का?' असा आहे. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागेल असे प्रश्न त्यांत फार थोडे निघाले. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून देत आहोत.

माझी पंधरा वर्षांची मुलगी दिवसभर कानात इअरफोन घालून असते. तिच्या गाण्यांतले जे शब्द अधूनमधून कानावर पडतात ते बरे वाटत नाहीत. सगळं बंद करून फक्त ख्रिस्ती गाणी ऐकायला लावावीत का? – एक आई

सरसकट बंदी घातली तर गाणी थांबत नाहीत, ती तुमच्या कानावर पडायची थांबतात. तुमच्या पत्रातला 'अधूनमधून' हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. तुटक ऐकलेल्या ओळींवरून गाण्याचा निकाल लावू नका. गाण्यातला 'मी' पुष्कळदा गायकही नसतो आणि गीतकारही नसतो, ते एक पात्र असतं. पहिल्या कडव्यात त्याने मारलेली फुशारकी शेवटच्या कडव्यात त्याच्याच अंगाशी येते. उपदेशक 2:10 एवढंच कुणी ऐकलं तर तो चैनीचा जाहीरनामा वाटेल, कारण डोळ्यांना हवं ते काहीही मी नाकारलं नाही, असं तिथे म्हटलं आहे. पुढच्याच वचनात ते सगळं व्यर्थ ठरतं.

तेव्हा असं करा. गेल्या महिन्यात सर्वांत जास्त ऐकलेली तीन गाणी मुलीलाच निवडू द्या. एका बैठकीत एकच गाणं घ्या, त्याला वीसेक मिनिटं पुरतात. ते स्पीकरवर लावून दोघींनी दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा शब्द हातात घेऊन. इंटरनेटवर मिळणारे गाण्यांचे शब्द बऱ्याचदा चुकीचे असतात, म्हणून ते कानाशी ताडून पाहा. मग चार प्रश्न: कोण बोलतंय आणि कुणाशी? त्याला काय हवंय? ते मिळालं तर आयुष्याचं काय होईल आणि हरवलं तर काय, असं गाणं सांगतं? आणि यात खरं काय आहे?

'खरं काय' हे 'चूक काय'च्या आधी यायला हवं. उलट केलंत तर मुलगी वकिली करायला लागते आणि तुम्ही फिर्यादी होता. चारही प्रश्नांत तिसऱ्यावर जास्त वेळ द्या. बायबल ज्याला मूर्ती म्हणतं ती बऱ्याचदा चांगलीच वस्तू असते, फक्त देवाचा भार तिच्यावर टाकलेला असतो. 'तू नसशील तर मी कुणीच नाही' असं गाणं म्हणतं तेव्हा प्रेम खोटं नसतं, पण एका हाडामांसाच्या माणसाला न पेलणारं काम दिलेलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि तिच्या एखाद्या मैत्रिणीचं उदाहरणही तिला लगेच आठवतं.

फिलिप्पैकरांस पत्र 4:8 या ठिकाणी हमखास पुढे केलं जातं. मराठी बायबलमध्ये तिथे 'श्रवणीय' हा शब्द आहे, त्यामुळे ते वचन कानाला गोड लागणाऱ्या संगीताविषयीच आहे असं वाटू लागतं. मूळ ग्रीक शब्द 'युफेमा'. त्याचा अर्थ, ज्याविषयी चांगलं बोललं जातं ते. वचनाच्या शेवटी 'मनन करा' आहे, आणि तिथलं ग्रीक क्रियापद हिशेबाच्या वहीत चालणारं आहे: मोजा, तोलून पाहा. न ऐकताच तोलायचं कसं?

तोलल्यावर काही गाणी बाजूला ठेवावी लागतील. माणसाच्या शरीराला माल समजणारं गाणं किंवा कुणाला मारहाण केल्याची टिंगल करणारं गाणं ऐकून झालं की कारण एका वाक्यात सांगा: 'यातली मुलगी माणूस नाही, वस्तू आहे.' 'घाणेरडं आहे' हे कारण नव्हे. ती चिडचीड झाली.

आता फक्त ख्रिस्ती गाण्यांबद्दल. हेच चार प्रश्न त्यांनाही लावा. काही भक्तिगीतांतून 'प्रभू' काढून प्रियकराचं नाव घातलं तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. शिवाय स्तोत्रसंहितेचा जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ज्या यादीत नुसता विजय आणि आनंद आहे ती स्तोत्रांपेक्षाही सोवळी झाली म्हणायची. त्यामुळे मुलगी उदास गाणी ऐकते एवढ्यावरून घाबरू नका. पण एकच उदास गाणं तासन्‌तास चालू आहे, जोडीला झोप, जेवण आणि मैत्रिणी तुटल्या आहेत, असं दोन आठवडे दिसलं तर प्रश्न संगीताचा उरत नाही. तिला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

एक बारीक गोष्ट राहिली. ॲपमधलं ऑटोप्ले बंद करा. गाणं संपल्यावर पुढचं कोणतं लागणार हे तिथे तीही ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. स्पॉटिफायसारख्या सेवेवर 30 सेकंद ऐकलं की गाणं एकदा ऐकलं अशी नोंद होते, म्हणून गाण्याचा सगळा मसाला सुरुवातीलाच ओतायची चढाओढ असते. पहिल्या अर्ध्या मिनिटावर मत बनवायचं नाही, त्याचं हे दुसरं कारण.

काही गाणी उलटी वाजवली तर त्यांत सैतानाची स्तुती ऐकू येते, असा व्हिडिओ आमच्या मंडळीत फिरतो आहे. ऐकल्यावर खरंच तसं वाटलं. ढोल-ड्रमच्या ठेक्याबद्दलही असंच सांगतात. – एक वाचक

तुम्हाला ऐकू आलं, कारण व्हिडिओत तेच शब्द आधी पडद्यावर दाखवतात. घरी करून पाहा. कोणत्याही गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि उलटा करा. पाच जणांना काही न सांगता ऐकवा, आणि काय ऐकू आलं ते वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा. पाच कागद पाच दिशांना जातील, निम्मे कोरे राहतील. मग तुम्हीच रचलेलं, आवाजाशी जेमतेम जुळणारं एक वाक्य त्यांना वाचायला द्या आणि तोच तुकडा पुन्हा लावा. आता ते बहुतेकांना स्पष्ट ऐकू येईल.

कॅनडातल्या जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उलटं बोलणं ऐकून बोलणारा पुरुष आहे की बाई हे लोकांना ओळखता आलं, पण मजकूर धार्मिक आहे की सैतानी हे सांगताना उत्तरं नुसत्या अंदाजापलीकडे गेली नाहीत. त्यांनी उलट्या केलेल्या मजकुरांत 23 वं स्तोत्रही होतं! उलटं वाजवून गाण्याची परीक्षा घ्यायची तर 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हेही आरोपीच्या पिंजऱ्यात जाईल.

सुलटं वाजवल्यावर जे उघड ऐकू येतं त्याची काळजी करा, तेवढी पुरेशी आहे.

ठेक्याचं उत्तर छोटं आहे. 150 व्या स्तोत्रात डफ, नृत्य आणि दणदणीत झांजा आहेत. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात वाद्यांचा तसाच ताफा सोन्याच्या मूर्तीपुढे लोकांना लोटांगण घालायला लावण्यासाठी वाजतो. वाद्यावर दोष कुठेच नाही.

आमचा तरुणसंघ सिनेमातल्या गाजलेल्या चालींवर भक्तिगीतं रचतो. वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. तरुण म्हणतात की सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर याने दारूच्या गुत्त्यातल्या चाली घेतल्या होत्या. कोण बरोबर? – मंडळीच्या पंचकमिटीतून

लूथरच्या गुत्त्याची गोष्ट सोडून द्यायला हवी. जर्मन गीतरचनेत 'बार' नावाचा एक साचा आहे: दोन सारखे भाग आणि तिसरा वेगळा. या शब्दाचा पुढे भलताच अर्थ लागला आणि गोष्ट पसरली, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. खरी हकिकत जास्त कामाची आहे. लूथरचं नाताळचं एक गीत 1535 मध्ये छापलं गेलं ते लोकांत चालू असलेल्या कोड्याच्या गाण्याच्या चालीवर. 1539 मध्ये तेच गीत नव्या चालीवर आलं, आणि आज सगळीकडे तीच चाल गातात. म्हणजे त्याने लौकिक चाल घेतली होती हे तरुणांचं म्हणणं खरं, आणि ती टिकली नाही हे वडीलधाऱ्यांच्या बाजूचं.

टिकलेलं उदाहरणही आहे. जर्मन संगीतकार हान्स लेओ हास्लरने 1601 मध्ये एक प्रेमगीत प्रसिद्ध केलं. 1613 मध्ये त्याची चाल मरणाविषयीच्या एका गीताला लागली. पाउल गेरहार्टचं, काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकाविषयीचं गीत 1656 मध्ये त्याच चालीवर आलं. संगीतकार बाखने 1727 च्या मत्तयाच्या दुःखसहनाच्या संगीतात ती पुन्हापुन्हा वापरली. आज ती चाल ऐकून कुणालाही प्रेयसी आठवत नाही. पण वर्षं मोजा: प्रेमगीतापासून काट्यांच्या मुकुटापर्यंत पन्नासहून जास्त गेली. तुमच्या तरुणांनी घेतलेली चाल गेल्या आठवड्यात लग्नाच्या वरातीत वाजत होती.

1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हे घाट ख्रिस्ती भक्तीत आणले. तो मार्ग मला जास्त भक्कम वाटतो. घाट सगळ्यांचा असतो. गाजलेली चाल एका गाण्याची असते, आणि ते गाणं तिच्यामागून चर्चमध्ये येतं.

तरीही एखादी चाल घ्यायचीच असेल तर आधी परीक्षा करा. शब्दांशिवाय, नुसत्या पेटीवर, मंडळीतल्या दहा जणांना ती ऐकवा. दहा सेकंदांत काय आठवलं ते विचारा. पाचांपेक्षा जास्त जण जुने शब्द गुणगुणले किंवा हसले तर चाल ठेवून द्या. मग पल्ला पाहा. सिनेमातली चाल एका तयार गळ्यासाठी बांधलेली असते. मंडळीला एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वर एवढंच झेपतं. त्यापलीकडे गेलं की पुरुष गप्प होतात, स्त्रिया पट्टी सोडतात आणि शेवटी क्वायर एकटंच गात राहतं. मधले लांब संगीताचे तुकडे कापा, नाहीतर पुढचं कडवं कधी उचलायचं हे कुणालाच कळत नाही.

शब्द बसवताना नेहमीच्या चुका दोन. ऱ्हस्व अक्षर लांबवलं जातं: 'कृपा'मधला 'कृ' चालीने ताणला की 'क्रूऽऽपा' ऐकू येतं. दुसरी चूक जास्त नाजूक आहे. मूळ गाण्यात लाडाने प्रियेचं नाव घ्यायची जी जागा असते, नेमकी तिथेच 'येशू' बसवला जातो. शब्द बदलतात, लाडिकपणा तसाच राहतो. ती जागा एखाद्या क्रियापदाला द्या.

चालीवर कुणाचा तरी हक्क असतो हेही विसरू नका. अनेक देशांच्या कायद्यात उपासनेत गाण्याला सूट आहे, पण शब्द बदलून रेकॉर्ड करणं किंवा इंटरनेटवर टाकणं त्यात बसत नाही. त्याला लेखी परवानगी लागते.

वडीलधाऱ्यांसाठी एक जोड. प्राचीन चर्चमधला धर्मगुरू ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबां'च्या दहाव्या भागात लिहितो की गायल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाणंच मनाला जास्त हलवतं तेव्हा आपलं चुकतं. तो हे चर्चमधल्या स्तोत्रगायनाबद्दल बोलत होता, बाहेरच्या गाण्यांबद्दल नव्हे.

चर्चमधल्या लग्नात गायक-गीतकार लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' गायचं ठरलं आहे. नाव तर स्तोत्रातलंच आहे. काही हरकत? – नवरीची बहीण

ताई, सगळी कडवी वाचलीत का? 'हालेलुया' म्हणजे 'याहची (परमेश्वराची) स्तुती करा', हे बरोबर. पण 1984 च्या या गाण्यात दावीद वीणेवर सूर लावतो, मग गच्चीवर स्नान करणारी बाई दिसते, आणि केस कापले जातात. म्हणजे 2 शमुवेल 11 आणि शास्ते 16. स्नान करणाऱ्या बथशेबेची हकिकत तिचा नवरा उरीया याच्या खुनाकडे जाते, केस कापल्या गेलेल्या शमशोनाची आंधळेपणाकडे. कोहेन यहूदी होता, या कथा त्याच्या घरच्या होत्या आणि त्याने त्या जाणूनबुजून वापरल्या. मोडून पडलेल्या माणसाच्या तोंडी स्तुती कशी येते, हे गाणं त्याचं आहे, आणि फार प्रामाणिक आहे.

म्हणूनच वधू आत येताना ते नको. नुसतं वाद्यावर वाजवून पळवाट काढू नका, लोक मनातल्या मनात शब्द गातातच. समारंभानंतरच्या मेजवानीत हवं असेल तर गायकाला कोणती कडवी घेणार ते विचारा. कोहेनने पुष्कळ कडवी लिहिली होती, आणि 1991 मध्ये जॉन केलने गायलेल्या आवृत्तीत त्यांतली वेगळी निवड आहे. 'तेच गाणं' म्हणून दोन जण दोन वेगळी गाणी धरून बसलेले असतात.

तरुणसंघात गाण्यांवर चर्चा घेतली. दहा मिनिटांत ती प्रवचन झाली आणि मुलं मोबाइल काढून बसली. कुठे चुकलं? – एक कार्यकर्ता

बहुधा गाणं तुम्ही निवडलं होतं, आणि ते तुम्हाला आधीपासूनच आवडत नव्हतं. मुलांना हे पहिल्या वाक्यात कळतं.

गाणं मुलांना निवडू द्या, एकच घ्या, चार-पाच मिनिटांचं. गट बारापेक्षा मोठा नको, असेल तर दोन करा. वेळ सव्वा तास. व्हिडिओ दाखवू नका, कारण चित्र आलं की शब्द ऐकू येत नाहीत आणि चर्चा कपड्यांवर जाते.

पहिल्या दहा मिनिटांत एकदा ऐकणं, दोन मिनिटं शांतता, आणि प्रत्येकाने एक शब्द लिहिणं: या गाण्यात कसं वाटतं? शब्द मोठ्याने वाचा, त्यावर टिप्पणी नको. मग गाण्याचे छापील शब्द वाटून दुसऱ्यांदा ऐका. पुढची पंचवीस मिनिटं फक्त गाण्यातच राहा. कोण बोलतंय, काय झालंय, कोणती ओळ खोटी वाटते, कोणती अगदी खरी. इथे तुम्ही प्रश्न विचारायचे आणि थांबायचं. शांतता पसरली की कार्यकर्त्याला तीन-चार सेकंदांतच उत्तर द्यायची घाई होते. मनात वीस मोजा, कुणीतरी बोलतंच.

वचन त्यानंतर, वीस मिनिटं. वचन आधी वाचलं तर गाणं केवळ नमुना होतं, ज्याची चूक काढायची. श्रीमंतीच्या बढाईच्या गाण्याला लूक 12 मधला कोठारं वाढवणारा धनवान, चैनीच्या गाण्याला उपदेशक 2, मित्राने दगा दिल्याच्या गाण्याला 55 वं स्तोत्र, प्रेमाच्या गाण्याला गीतरत्न 8:6-7. गाणं आणि वचन एकमेकांशी कुठे सहमत आहेत, हे आधी शोधा. पौलाने अथेन्समध्ये हेच केलं. प्रेषितांची कृत्ये 17:28 मध्ये 'आपण त्याचा वंश आहोत' हे जे तो म्हणतो, ते अरातस या ग्रीक कवीच्या काव्यातलं आहे, आणि त्या काव्यात ते झ्यूस या ग्रीक देवाविषयी आहे. पौलाने ओळ घेतली आणि तिचा पत्ता बदलला. शहरभर मूर्ती बघून त्याचा आत्मा खवळला होता, तरी अथेन्समधल्या अरीयपग टेकडीवर त्याचं भाषण सुरू होतं ते 'तुम्ही फार धर्मशील आहात' असं म्हणून.

मग मतभेदाची वेळ. उरलेला वेळ प्रार्थनेला. निष्कर्ष फळ्यावर लिहायचा मोह टाळा, गाण्यावर दोन मतं घेऊन मुलं घरी गेली तर बैठक फसली असं समजू नका.

गायकाचं वागणं वाईट निघालं. त्याची गाणी ऐकणं सोडावं का?

गाणं आणि गायक यांचा हिशेब वेगवेगळा ठेवा. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा जॉन न्यूटन 1748 च्या वादळात देवाकडे वळला, तरीही 1754 पर्यंत गुलामांच्या जहाजांवर काम करत राहिला. ते गीत 1773 च्या नववर्षदिनासाठी लिहिलं, 1779 मध्ये छापलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती 1788 मध्ये. गीताच्या आधी पश्चात्ताप पूर्ण झालेला असायलाच हवा, अशी अट घातली तर गीतपुस्तक फार पातळ होईल.

मात्र जिवंत गायकाचं गाणं ऐकलं की त्याला पैसे आणि प्रसिद्धी मिळते, आणि ज्यांना त्याने दुखावलं तेही ते गाणं ऐकत असतात. त्यांपैकी कुणी तुमच्या मंडळीत बसलेलं असेल तर 1 करिंथ 8 उघडा. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं मांस खायला पौलाची तत्त्वतः हरकत नव्हती. भावाला अडखळण होणार असेल तर तो ते खाणार नव्हता.

प्रार्थनेला बसलं की एखादं सवंग गाणं डोक्यात घुमू लागतं. हे पाप आहे का?

नाही. मेंदूला आवडलेला, अर्धवट राहिलेला तुकडा तो पुन्हापुन्हा वाजवतो. ढकलायला गेलात की जोर वाढतो. बऱ्याचदा गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकून टाकलं की सुटतं. किंवा दुसरं काहीतरी मोठ्याने गा, मनात नको, गळ्याने. एखादं स्तोत्र चारही कडवी गा, कारण एकच कडवं म्हटलं तर उद्या तेच घुमेल. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की च्युइंगम चघळल्यानेही घुमणं कमी होतं, कारण जबडा दुसऱ्या कामात गुंतला की मनातल्या मनात गाणं जमत नाही. तोही उपाय करून पाहा, फक्त प्रभुभोजनाला जाण्याआधी तोंडातून काढा.